पदवीचा संशोधन प्रकल्प : शिवारातल्या प्रश्नापासून तोंडी परीक्षेपर्यंत

वर्गात प्रकल्पाची घोषणा झाली की दोन प्रकारची धावपळ सुरू होते. काही विद्यार्थी मागच्या वर्षीच्या मुलांचे ‘ब्लॅक बुक’, म्हणजे प्रकल्पाचा बांधलेला अहवाल, कोणाकडे मिळते याचा शोध घेऊ लागतात, तर काही विद्यार्थी ‘मराठवाड्यातील शेतीच्या समस्या : एक अभ्यास’ असे, आठही जिल्हे एका मुठीत धरणारे शीर्षक घेऊन मार्गदर्शकांच्या दाराशी उभे राहतात. पहिल्या वाटेने संशोधन होत नाही हे सर्वांना ठाऊक असते. दुसऱ्या वाटेनेही होत नाही, हे कळेपर्यंत मात्र अर्धे सत्र संपलेले असते. प्रकल्प फसतो तो बहुधा हुशारी कमी पडल्यामुळे फसत नाही. प्रश्न हाती असलेल्या वेळेपेक्षा, पैशापेक्षा आणि एसटीच्या वेळापत्रकापेक्षा मोठा असतो, म्हणून फसतो. त्यामुळे या लेखातील बराचसा भाग प्रश्न लहान करण्यावर आणि नोंदी नीट ठेवण्यावर खर्च केला आहे. बांधणी, मुखपृष्ठ आणि ऋणनिर्देश यांना त्या मानाने फारच थोडी जागा दिली आहे.

आधी तास मोजावेत

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी श्रेयांक (क्रेडिट) रचना लागू झाली आणि क्षेत्र प्रकल्प, कार्यप्रशिक्षण, समुदाय सहभाग व संशोधन प्रकल्प हे शब्द पदवीच्या वर्गात रोजचे झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असावे लागतात आणि त्याच्या संशोधन प्रकल्पाला १२ श्रेयांक असतात. क्षेत्रकार्य आणि प्रकल्प यांच्या बाबतीत एक श्रेयांक म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात ३० तासांचे काम. म्हणजे दोन श्रेयांकांचा प्रकल्प ६० तासांचा, चार श्रेयांकांचा १२० तासांचा आणि १२ श्रेयांकांचा ३६० तासांचा असतो. आपला प्रकल्प किती श्रेयांकांचा आहे हे अभ्यासक्रमाच्या पत्रकात स्वतः पाहावे. मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये.

हे गणित कोरडे वाटले तरी तेच पुढचे सर्व ठरवते. १२० तासांपैकी साधारण १५ तास प्रश्न ठरवण्यात, २० वाचनात, ४५ प्रत्यक्ष क्षेत्रकार्यात किंवा प्रयोगशाळेत, २० विश्लेषणात आणि २० लेखनात जातात, असे धरले तर ४५ तासांत काय होऊ शकते, हा खरा प्रश्न उरतो. एका कुटुंबाच्या मुलाखतीला अर्धा तास लागतो. घर शोधणे, वाट पाहणे आणि चहाला नाही म्हणता न येणे धरून दिवसाला आठ मुलाखती झाल्या तरी त्या पुष्कळ झाल्या. ८० कुटुंबांसाठी त्यामुळे दहा दिवस हवेत. ज्याच्याकडे पाच रविवारच मोकळे आहेत, त्याने ४० कुटुंबांचाच आराखडा करावा आणि तो मनापासून पार पाडावा.

तासांइतकेच ऋतूलाही मोजावे लागते. सोयाबीनची काढणी आणि मळणी चालू असताना, म्हणजे साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, शेतकऱ्याकडे प्रश्नावली घेऊन जाणे म्हणजे त्याचाही वेळ घालवणे आणि आपलाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांवर काम करायचे असेल, तर दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे गेलेल्या असतात आणि गावात म्हातारी माणसे व काही मुलेच उरतात. मग प्रश्न तरी त्या मागे राहिलेल्यांविषयीचा करावा किंवा क्षेत्रकार्य दसऱ्याच्या आत उरकावे. विहिरींच्या पाण्याची पातळी पावसाळा संपताना वर आणि मे महिन्यात तळाला असते, म्हणून केवळ एका हंगामात मोजून ‘गावातील भूजल घटले’ असे लिहिता येत नाही.

विषय पुष्कळ आहेत, प्रश्न शोधावा लागतो

विषय आणि प्रश्न यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करतो. ‘आमच्या शिवारात धो धो पाऊस झाला, पण मंडळात नोंदच नाही’ ही तक्रार मराठवाड्यातल्या पारावर दर पावसाळ्यात ऐकू येते. शासनाच्या लेखी २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते आणि मंडळाची नोंद तिथल्या पर्जन्यमापकावर अवलंबून असते. एका मंडळात मात्र अनेक गावे येतात. ‘मराठवाड्यातील पर्जन्यमान’ हा विषय झाला. ‘आमच्या मंडळातील पाच गावांत जुलै ते सप्टेंबर या काळात एकाच दिवशी पडलेल्या पावसात किती फरक असतो?’ हा प्रश्न झाला, आणि तो पदवीचा विद्यार्थी खरोखर सोडवू शकतो.

याच एका तक्रारीतून वेगवेगळ्या शाखांचे प्रश्न निघतात. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी घरगुती पर्जन्यमापक बनवून त्याची अचूकता तपासेल. २० सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर असते, म्हणून बाटलीत जमलेले दर ३१.४ मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. मापक झाडापासून वा भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवावे आणि नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यावी, कारण भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असा असतो. आपली वेळ निराळी ठेवली तर तुलनाच कोसळते. भूगोलाचा विद्यार्थी त्याच नोंदी नकाशावर मांडेल. अर्थशास्त्राचा विद्यार्थी पीकविमा मिळालेल्या आणि न मिळालेल्या शेजारच्या दोन गावांतील कुटुंबांनी रब्बीच्या पेरणीसाठी पैसा कोठून उभा केला, हे विचारेल. मराठीचा विद्यार्थी मृग, आर्द्रा, हस्त या नक्षत्रांभोवतीच्या म्हणी आणि पावसाच्या प्रकारांची नावे आजोबा, वडील आणि नातू अशा तीन पिढ्यांकडून गोळा करून कोणते शब्द गळाले ते पाहील. विषय एक, प्रश्न चार आणि चारही वेगळ्या पुराव्याचे.

प्रश्न ठरला असे वाटले की त्याची परीक्षा घ्यावी. तो एका वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन लिहिता येतो का? उत्तर आले तर ते कशाच्या रूपात येईल, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात, नकाशात की उताऱ्यांच्या अर्थनिर्णयात, हे आधी सांगता येते का? उत्तर आपल्या अपेक्षेच्या उलट येण्याची शक्यता आहे का? ती नसेल तर ते संशोधन नसून आधीच ठरलेल्या मताची सजावट होय, आणि ‘शिक्षणाचे महत्त्व’ किंवा ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ या शीर्षकांचे बहुतेक प्रकल्प येथेच बाद होतात. शेवटची कसोटी अगदी साधी आहे: माहिती जिथे आहे तिथे सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळपर्यंत परतता येते का?

मार्गदर्शक, वाचन आणि आराखडा

मार्गदर्शकांकडे ‘सर, विषय द्या’ असे म्हणत जाऊ नये. तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि त्यांतील कोणता चालेल असे विचारावे. मग बोलणे पाच मिनिटांत मुद्द्यावर येते. दर पंधरा दिवसांनी भेटीची वेळ ठरवून घ्यावी आणि प्रत्येक भेटीनंतर काय ठरले ते दोन ओळींत लिहून त्यांना पाठवावे. एका शिक्षकाकडे अनेक विद्यार्थी असतात, त्यामुळे ही दोन ओळींची सवय विद्यार्थ्याइतकीच त्यांच्याही उपयोगी पडते.

वाचनासाठी पहिली जागा म्हणजे भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंधांचा ‘शोधगंगा’ हा मुक्त संग्रह. आपल्या विषयावरचा एक प्रबंध उघडावा, त्याची मागची संदर्भसूची पाहावी आणि तेथून दहा-बारा लेख निवडावेत. संपूर्ण प्रबंध वाचण्याची गरज नसते. त्यातील पद्धतीचे प्रकरण मात्र काळजीपूर्वक वाचावे. जिल्ह्याच्या आकड्यांसाठी शासनाच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’, गावपातळीसाठी २०११ च्या जनगणनेची गावनिहाय पुस्तिका आणि इतिहास-भूगोलासाठी जिल्हा गॅझेटियर हे तीन आधार कोणत्याही शाखेला पुरतात. शेतीविषयक प्रश्न असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने याच मातीत केलेले काम आधी पाहावे. बाहेरच्या प्रदेशातील निष्कर्ष मराठवाड्याच्या काळ्या जमिनीला आणि इथल्या पावसाला तसेच्या तसे लागू पडत नाहीत.

वाचताना प्रत्येक लेखासाठी चार ओळींची चिठ्ठी करावी: कोणी, कधी, कोणत्या पद्धतीने, काय दाखवले. पृष्ठ क्रमांक त्याच वेळी टिपावा. नंतर तो शोधण्यात गेलेली संध्याकाळ कोणीही परत देत नाही. ‘झोटेरो’ हे विनामूल्य साधन संदर्भ जपून ठेवते, पण वहीनेही काम भागते.

आराखडा, म्हणजे सिनॉप्सिस, दोन पानांहून मोठा नसावा. त्यात प्रश्न, आधी झालेले काम, पद्धत, वेळापत्रक आणि अंदाजे खर्च एवढे पुरे. उद्दिष्टे दोन किंवा तीन असावीत. सात उद्दिष्टांचा पदवी प्रकल्प मी आजवर पूर्ण झालेला पाहिलेला नाही.

शाखेप्रमाणे पद्धत

येथे थोडे थांबावे लागेल, कारण पद्धत ही सर्व शाखांना एकच नसते आणि सर्वांनी प्रश्नावलीच वाटली पाहिजे असाही नियम नाही. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यानेही पन्नास जणांना ‘तुम्हाला कविता आवडते का’ असे विचारून वर्तुळालेख काढण्याची प्रथा कोठून आली कोण जाणे.

रसायनशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र यांच्यासाठी गावचे पिण्याचे पाणी हा हाताशी असलेला विषय आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकावर आहे. पाणी झिजलेल्या थरांत आणि खडकाच्या भेगांत साठते, त्यामुळे शंभर फुटांवरच्या दोन विहिरींचेही गुण वेगळे निघू शकतात आणि एका बोअरचा नमुना घेऊन गावाविषयी बोलता येत नाही. हातपंपाचे पाणी काही मिनिटे वाहू द्यावे, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी आणि मगच भरावी. फ्लोराइडसाठी काचेची बाटली वापरू नये, प्लास्टिकची घ्यावी. नायट्रेटचा नमुना बर्फात ठेवून ४८ तासांच्या आत तपासावा. विद्युतवाहकता आणि सामू (पीएच) शक्यतो जागेवरच मोजावा. कठीणपणा ईडीटीए या रसायनाच्या टायट्रेशनने, म्हणजे ते थेंबाथेंबाने मिसळून केलेल्या मोजणीने, कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काढता येतो, द्राक्षासारखा तांबडा रंग निळा झाला की अंतिम बिंदू आला. पण हे टायट्रेशन प्रत्येक नमुन्यासाठी तीनदा करावे आणि ऊर्ध्वपातित पाण्याचा एक कोरा नमुनाही चालवावा. तुलनेसाठी भारतीय मानक १०५०० घ्यावे: फ्लोराइड एक मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास दीडपर्यंत चालणारे, नायट्रेट ४५ पर्यंत, कठीणपणा २०० पर्यंत आणि पर्याय नसल्यास ६०० पर्यंत.

वनस्पतिशास्त्रात परिसरातील गाजरगवताची घनता एक मीटर लांब-रुंद चौकटीने मोजणे, हे कमी खर्चाचे आणि पूर्ण होणारे काम आहे. अट एवढीच की चौकट कोठे टाकायची हे आपल्या डोळ्यांनी ठरवू नये. जागेवर आखणी करून चिठ्ठ्या काढाव्यात. डोळा नेहमी दाट जागीच जातो.

समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि भूगोल यांतील सर्वेक्षणात नमुना किती घ्यावा यासाठी यामाने यांचे सूत्र वापरतात: एकूण कुटुंबसंख्येला, एक अधिक कुटुंबसंख्या गुणिले चुकीच्या प्रमाणाचा वर्ग, याने भागावे. ४०० घरांच्या गावात पाच टक्के चूक चालणार असेल तर २०० घरे लागतात. दहा टक्के चालणार असेल तर ८० पुरतात. पदवीच्या प्रकल्पाला ८० घरे पुष्कळ झाली. मग ग्रामपंचायतीच्या यादीतील दर पाचवे घर घ्यावे आणि सुरुवात पहिल्या पाचांतून चिठ्ठी काढून करावी. यादी न घेता रस्त्यालगतची घरे घेतली तर वस्ती, तांडा आणि शेतातल्या आखाड्यावर राहणारी कुटुंबे हमखास सुटतात, आणि ज्यांच्याविषयी लिहायचे असते तेच बहुधा तिथे राहतात.

प्रश्नावली आधी दहा जणांवर तपासावी. आपले पुस्तकी प्रश्न गावात कसे ऐकू येतात ते याच वेळी कळते. ‘आपले प्रतिहेक्टरी सोयाबीन उत्पादन किती?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘यंदा किती बॅगा पेरल्या आणि बॅगेला उतारा किती आला?’ असे विचारले की उत्तर लगेच येते. मग बॅग किती किलोची होती आणि ती किती क्षेत्रावर गेली हे विचारून रूपांतर आपण करायचे. शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर हे प्रश्नावलीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवावे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा शोधावी लागत नाही. मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, हीच त्याची प्रयोगशाळा आहे. केंद्राने २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. बाजार समितीच्या रोजच्या किमान, कमाल आणि सर्वसाधारण दरांच्या नोंदी तीन महिने उतरवून घेतल्या तर ‘किती दिवस सर्वसाधारण दर हमीभावाच्या खाली राहिला?’ याचे उत्तर मिळते. त्याला वीस शेतकऱ्यांच्या आडतीच्या हिशोबपट्ट्यांची जोड दिली आणि ओलाव्यापोटी किती कपात झाली, हमाली-तोलाई किती गेली ते काढले, तर जाहीर दर आणि हाती पडलेला दर यांतील अंतर आकड्यांत येते. पट्टीचा फोटो घेताना नाव झाकावे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी मराठवाड्यात एक खास अडचण आहे आणि तीच खास संधीही आहे. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे त्या काळचे दफ्तर पुष्कळदा उर्दूत आणि काही मोडीत असते, आणि तारखा फसली सनात, म्हणजे संस्थानच्या महसुली वर्षगणनेत, असतात. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण हे वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होत असल्याने फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. हा एक हिशोब चुकला तर संस्थान भारतात आणणारी पोलीस कारवाई वर्षभर मागे-पुढे जाते. उर्दू वाचणारा वर्गमित्र किंवा शिक्षक आपल्या गावात नक्की असतो; त्याच्याबरोबर बसून केलेले वाचन प्रकल्पात त्याचे नाव घेऊन नोंदवावे.

मौखिक इतिहासात वर्ष विचारू नये, खूण विचारावी. ‘बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होतात?’, ‘भूकंपाच्या आधी की नंतर?’, ‘नामांतराच्या वेळी?’, ‘लातूरला रेल्वेने पाणी आले तेव्हा?’ अशा खुणांनी १९७२, ३० सप्टेंबर १९९३, १९७८ ते १९९४ आणि २०१६ ही वर्षे आपोआप लागतात. भूकंपग्रस्त किल्लारी परिसरात पुनर्वसनानंतर जुन्या गावठाणाची गल्लीवार रचना कोणाला आठवते, घरांची नवी रचना नात्यांना कशी मानवली, असे लहान प्रश्न तिथे अजून विचारता येतात. मात्र ज्यांनी घरातली माणसे गमावली त्यांना त्या पहाटेचे वर्णन करायला लावण्याचा अधिकार प्रकल्पाने मिळत नाही. ते आपणहून बोलले तर ऐकावे.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कोणाचे तरी तयार संकेतस्थळ रंग बदलून सादर करण्याचा मोह होतो. त्याऐवजी मोबाइलवरील मराठी बोलून-टंकन मराठवाडी बोलीला किती चुकते हे मोजावे: वीस भाषक, प्रत्येकी पंचवीस वाक्ये, एकूण पाचशे वाक्ये, आणि शंभर शब्दांमागे किती चुकले त्याची गणती. वय, तालुका आणि बोली यांप्रमाणे फरक पडतो का, हे पाहिले की प्रकल्पाला भाषाशास्त्राचीही जोड मिळते, आणि अशा ठिकाणी दोन विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून काम करावे.

परवानगी आणि संमती

शाळा, रुग्णालय, ग्रामपंचायत किंवा कारखाना येथे जायचे असेल तर प्राचार्यांच्या सहीचे पत्र आधी घ्यावे. या सह्यांना आठवडा जातो तो वेळापत्रकात धरावा. व्यक्तीची संमती मात्र पत्राने मिळत नाही, ती बोलून घ्यावी लागते. दारात उभे राहून असे म्हणता येईल: ‘मावशी, मी अमुक महाविद्यालयात शिकतो. गावातल्या पाण्याबद्दल अभ्यास करतोय. अर्धा तास लागेल. तुमचं नाव कुठं छापणार नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, आणि यातून काही योजना मिळणार नाही, हेही आधीच सांगतो.’ शेवटचे वाक्य वगळू नये. वही-पेन घेऊन आलेला माणूस यादीत नाव घालायलाच आला, अशी समजूत गावोगावी असते आणि त्या आशेने दिलेली उत्तरे खरी नसतात.

आधार क्रमांक आणि मोबाइल क्रमांक गोळा करू नयेत. जात विचारण्याची गरज प्रश्नालाच असेल तरच विचारावी, केवळ तक्ता भरण्यासाठी नाही. सुनेची मुलाखत सासूसमोर घेतली तर ती सासूची मुलाखत होते. विद्यार्थिनींनी अशा मुलाखती घ्याव्यात आणि वेळ निवडताना हे ध्यानात ठेवावे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती हवी. शेतकरी आत्महत्या झालेल्या कुटुंबांवरचा प्रकल्प पदवीच्या पातळीवर घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुःख विचारण्याचे शिक्षण असते आणि ते एका सत्रात होत नाही.

नोंदवही

प्रकल्पाचा जीव नोंदवहीत असतो. तिची पाने सुटी नसावीत, क्रमांक घातलेले असावे आणि लेखन शाईने करावे. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला लिहावे, खोडू नये. रोज तारीख, ठिकाण, वेळ, हवामान, कोण भेटले, काय बिघडले, हे त्याच रात्री लिहावे. दुसऱ्या दिवशी पन्नास टक्के उडून जाते आणि उरलेले आपल्याला हवे तसे आठवते. माझ्या पदवीच्या वर्षी मी नमुन्यांच्या बाटल्यांवर साध्या पेनाने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. बर्फाच्या पाण्याने त्या धुऊन निघाल्या आणि चौदा बाटल्या अनाम झाल्या. तेव्हापासून क्रमांक बाटलीवर, झाकणावर आणि वहीत असा तीन ठिकाणी आणि न पुसणाऱ्या शाईने घालतो.

माहिती संगणकावर भरताना एका ओळीत एक कुटुंब आणि एका स्तंभात एकच गोष्ट असावी. ‘३ एकर, बागायती’ हे एका चौकटीत लिहिले की पुढे बेरीज होत नाही. मूळ फाइल वेगळी ठेवून प्रतीवरच काम करावे.

आकड्यांचे विश्लेषण

सरासरीची फसवणूक सर्वांत जुनी आहे. पाच शेतकऱ्यांची जमीन १, २, २, ३ आणि २२ एकर असेल तर सरासरी सहा एकर येते, आणि सहा एकर जमीन असलेला एकही शेतकरी त्या पाचांत नसतो. अशा वेळी मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, द्यावा, तो दोन आहे. बारा जणांपैकी चार जण म्हणजे ‘३३.३३ टक्के’ असे लिहिण्याने अचूकता वाढत नाही. ‘१२ पैकी ४’ असेच लिहावे. दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे होत नाही. दिसलेला फरक केवळ योगायोगाचा आहे का हे तपासणारी काय-वर्ग (काय-स्क्वेअर) किंवा टी-चाचणी वापरायची असेल तर ती का निवडली हे दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे, कारण तोंडी परीक्षेत हाच प्रश्न पहिला येतो.

अपेक्षेच्या विरुद्ध आलेला निकाल लपवू नये. पाचही गावांत पाऊस सारखाच निघाला, तर तोही निष्कर्ष आहे, आणि पारावरच्या समजुतीला धक्का देणारा म्हणून अधिक वाचनीय आहे.

लेखन

लिहिण्याचा क्रम वाचण्याच्या क्रमासारखा नसतो. पद्धतीचे प्रकरण क्षेत्रकार्य चालू असतानाच लिहावे, मग तक्ते आणि निष्कर्ष, त्यानंतर प्रस्तावना आणि सर्वांत शेवटी गोषवारा. मराठीत लिहिणाऱ्यांनी ‘सर्वेक्षण करण्यात आले, विश्लेषण करण्यात आले’ ही कर्ता गायब करणारी रचना टाळून ‘मी ८० कुटुंबांना भेटलो’ असे लिहायला हरकत नाही. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश आहेत. कोशातला शब्द अगदीच अपरिचित असेल तर रूढ इंग्रजी शब्द देवनागरीत लिहावा.

टंकलेखन युनिकोडमध्येच करून घ्यावे. झेरॉक्सच्या दुकानात अजूनही जुन्या फाँटात टंकन करून देतात. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची रांगोळी होते आणि साम्य तपासणाऱ्या प्रणालीला तर ती वाचताच येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण मराठी मजकुरात यंत्राला न सापडलेली उचल परीक्षकाला सापडते, कारण विद्यार्थ्याची भाषा पानाच्या मध्येच अचानक प्राध्यापकाची होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत महाविद्यालयाचा नियम विचारून घ्यावा आणि वापर केला असल्यास तो कोठे केला ते लिहून द्यावे. त्या साधनांनी दिलेला संदर्भ ग्रंथालयात प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सूचीत घालू नये; नसलेली पुस्तके ती मोठ्या आत्मविश्वासाने सुचवतात.

तोंडी परीक्षा, ‘आविष्कार’ आणि नंतर

तोंडी परीक्षेला जाताना नोंदवही बरोबर न्यावी. हा प्रश्नच का, हीच गावे का, नमुना कसा निवडला, काय चुकले, पुन्हा केले तर काय बदलाल, या पाच प्रश्नांची उत्तरे मित्रासमोर मोठ्याने म्हणून पाहावीत. माहीत नसलेल्या प्रश्नाला ‘ते मी तपासलेले नाही’ हे उत्तर चालते, आणि बहुतेक परीक्षकांना ते आवडते.

काम बरे झाले असेल तर राज्यपालांच्या पुढाकाराने २००६ पासून होणाऱ्या ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धेत ते न्यावे. मानव्यविद्या, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, शुद्ध विज्ञान, कृषी व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी आणि वैद्यक व औषधनिर्माण अशा गटांतून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी पातळी असते. महाविद्यालयातील निवडीनंतर छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठाकडून पुढे जाता येते. भित्तिपत्रकावर प्रबंध छापू नये. एक प्रश्न, एक नकाशा किंवा आलेख आणि तीन ओळींचा निष्कर्ष सहा फुटांवरून वाचता आला पाहिजे.

प्रकल्प जमा झाल्यावर एक फेरी उरते. ज्या घरांतून पाण्याचे नमुने घेतले त्यांना प्रत्येकी एक चिठ्ठी द्यावी, तिच्यावर त्यांच्या पाण्याचे आकडे आणि मानकाचे आकडे शेजारी-शेजारी लिहावेत, आणि एखाद्या हातपंपात फ्लोराइड दीडच्या वर आढळले असेल तर ग्रामपंचायतीला लेखी कळवून पोच घ्यावी. नावे काढून टाकलेली माहितीची फाइल आणि नोंदवहीची प्रत विभागात ठेवावी. पुढच्या वर्षी त्याच विहिरींवर जाणाऱ्या मुलाला मग ऑक्टोबरचे आकडे तयार मिळतील आणि तो मे महिन्यापासून सुरुवात करू शकेल.